घरून काम करणाऱ्यांच्या हाती कंपनीचा लॅपटॉप: आधी कुलूप, मग माग

प्रश्न: आमच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात असून सुमारे ८० लॅपटॉप कर्मचाऱ्यांकडे आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी अशा ठिकाणी घरून काम करणाऱ्यांकडे असतात. अलीकडेच एका सहकाऱ्याच्या गाडीची काच फोडून लॅपटॉप चोरीला गेला. आता प्रत्येक लॅपटॉपला जीपीएस ट्रॅकर बसवावा, तो कुठे आहे हे कार्यालयातून सतत दिसावे आणि वेळ पडल्यास दुरूनच पुसून टाकता यावा, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. हे कसे करावे आणि त्यात कायद्याची अडचण येईल का?

उत्तर: व्यवस्थापनाची काळजी रास्त आहे, परंतु मागण्यांचा क्रम मला बदलावासा वाटतो. लॅपटॉप चोरीला जातो तेव्हा कंपनीची दोन वेगवेगळी नुकसाने होण्याची शक्यता असते: एक यंत्राचे आणि दुसरे त्यातील माहितीचे. यंत्र परत मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी पोलिसांच्या तपासावर आणि योगायोगावर अवलंबून असते. त्यातील माहिती चोराला वाचता येईल की नाही, हे मात्र जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात असते आणि ते लॅपटॉप कर्मचाऱ्याच्या स्वाधीन करण्याच्या दिवशीच ठरून जाते. अमेरिकेत मे २००६मध्ये माजी सैनिकांच्या कल्याण खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि त्याला जोडायची हार्ड डिस्क चोरीला गेली. त्यावर २ कोटी ६५ लाख माजी सैनिक आणि संबंधितांची माहिती एन्क्रिप्शनविना, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात न बदलता, पडून होती. यंत्र पुढच्याच महिन्यात सापडले, माहिती उघडली गेल्याचे तपासात दिसले नाही, तरीही २००९मध्ये त्या खात्याला २ कोटी डॉलर देऊन दावा मिटवावा लागला. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर हे प्रकरण एका यंत्राच्या किमतीपुरतेच राहिले असते.

दुरून पुसण्याच्या सोयीबद्दल व्यवस्थापनाच्या मनात जी अपेक्षा आहे, ती आधी दुरुस्त करून घ्यावी असे मी सुचवेन. रिमोट वाइपची आज्ञा आपण पाठवतो तेव्हा ती सर्व्हरवर वाट पाहत थांबते आणि लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला की मगच अमलात येते. चोर सहसा लॅपटॉप बंद करतो, एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन त्यावर नवी विंडोज टाकतो किंवा डिस्क काढून विकतो. या तिन्ही शक्यतांत आपली आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ज्याला माहितीच हवी आहे, असा जाणकार चोर तर ते यंत्र इंटरनेटला जोडणारच नाही. त्यामुळे रिमोट वाइप ही दुसरी फळी आहे, आणि पहिली फळी नसेल तर ती कंपनीला खोटा दिलासा देते.

पहिली फळी म्हणजे संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन. विंडोजच्या प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे, मॅकवर फाइलव्हॉल्ट आहे आणि लिनक्सवर एलयूकेएस आहे. यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. लहान कंपन्यांत मला वारंवार दिसणारी अडचण अशी, की लॅपटॉप दुकानातून होम आवृत्तीसह घेतलेले असतात. होम आवृत्तीतही योग्य हार्डवेअर असल्यास डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू होते, परंतु त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यास डिस्क उघडणारा क्रमांक, कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते आणि कंपनीकडे काहीच राहत नाही. पुढची खरेदी करताना प्रो आवृत्तीच घ्यावी. त्यातला किमतीचा फरक एकाच घटनेत वसूल होतो.

दुसरी बाब याहून सूक्ष्म आहे आणि तपासणीत बहुतेक वेळा निसटते. डिस्क एन्क्रिप्ट झालेली असणे आणि तिचे संरक्षण चालू असणे, या दोन वेगळ्या अवस्था आहेत. बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली, अद्ययावत करण्यासाठी कोणी बिटलॉकर तात्पुरता स्थगित केला आणि पुन्हा सुरू करायचे राहून गेले, किंवा रिकव्हरी की कोठेच जमा न झाल्यामुळे एन्क्रिप्शन सक्रिय होण्याच्या प्रतीक्षेतच राहिले, तर डिस्कवरील मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो, पण त्याची किल्लीही त्याच डिस्कवर उघडी पडलेली असते. म्हणून आपल्या ८० यंत्रांची तपासणी करताना एन्क्रिप्शनच्या टक्केवारीचा रकाना पाहून थांबू नये. प्रशासकाच्या अधिकाराने ‘मॅनेज-बीडीई’ ही आज्ञा स्टेटसच्या पर्यायासह चालवावी आणि प्रोटेक्शन स्टेटस ‘ऑन’ आहे याची प्रत्येक यंत्रावर खात्री करून घ्यावी. लॅपटॉप-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर असेल तर हाच अहवाल दररोज आपोआप मिळू शकतो.

रिकव्हरी की हा ४८ अंकी क्रमांक असतो आणि तो कंपनीच्या मध्यवर्ती डिरेक्टरीत, म्हणजे एंट्रा आयडी किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, जमा होईल अशी सक्ती धोरणातूनच करावी. तो एक्सेलच्या तक्त्यात लिहून सामायिक फोल्डरमध्ये ठेवणे, किंवा कर्मचाऱ्याने त्याची छापील प्रत लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवणे, हे मी पाहिले आहे. असे केल्यावर एन्क्रिप्शनला काही अर्थ उरत नाही. दुसऱ्या टोकाला, की मिळालीच नाही तर काम कसे ठप्प होते, हे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणानंतर साऱ्या जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे त्या दिवशी कोलमडली, आणि ज्यांच्या डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या होत्या त्यांना यंत्र दुरुस्त करण्यापूर्वी ही की शोधावी लागली. ज्या कंपन्यांनी की जमा करण्याची शिस्त पाळली होती, त्यांचे हाल तुलनेने कमी झाले.

टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपवर विसंबलेले बिटलॉकर यंत्र सुरू होताना कोणताही पासवर्ड न मागता डिस्क उघडते आणि विंडोजच्या लॉगिनपर्यंत येते. सर्वसाधारण चोरासाठी एवढे संरक्षण पुरेसे असते. मात्र ज्या यंत्रांत टीपीएम ही प्रोसेसरबाहेरची वेगळी चिप असते, त्यांत ती चिप आणि प्रोसेसर यांच्यातील तारांवरून जाणारी किल्ली टिपता येते. एका संशोधकाने फेब्रुवारी २०२४मध्ये काही शे रुपयांच्या सर्किटने एका जुन्या लॅपटॉपवर हे एका मिनिटाच्या आत करून दाखवले. म्हणून लेखा विभाग, वेतनाचे काम पाहणारे, संचालक आणि सर्व्हरचे अधिकार असणारे अभियंते यांच्या लॅपटॉपवर यंत्र सुरू होतानाच मागितला जाणारा किमान सहा अंकी पिन लावावा. सगळ्यांवर तो लादण्याची गरज नाही. त्याचा रोजचा त्रास खरा असतो आणि त्रासलेले लोक पिन चिकटवून ठेवतात.

त्याचबरोबर, झाकण मिटल्यावर लॅपटॉप नुसता स्लीप अवस्थेत गेला तर किल्ली मेमरीतच राहते. २००८मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी मेमरी थंड करून अशा किल्ल्या वाचता येतात हे सिद्ध केले होते. प्रवासात झाकण मिटताच यंत्र हायबरनेट व्हावे, म्हणजे मेमरीतले काम डिस्कवर ठेवून बंद व्हावे, ही सेटिंग फुकट आहे आणि पिन लावलेल्या यंत्रावर तर ती असलीच पाहिजे, नाहीतर पिनचा उपयोग अर्धाच राहतो.

आता माग काढण्याकडे वळू. कार्यालयीन वापराच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतेच. लॅपटॉप आपले ठिकाण सांगतो ते आसपासच्या वाय-फाय राउटरांचे ओळख-क्रमांक टिपून आणि ते मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल किंवा गूगल यांच्या साठ्याशी ताडून. कोथरूड किंवा डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत यातून इमारतींच्या एखाद्या गटापर्यंत पोहोचता येते. कितव्या मजल्यावर, हे कळत नाही. कोकणातल्या एखाद्या वाडीत, जिथे आसपास एकच राउटर आहे, तिथे उत्तर मिळतच नाही किंवा फार ढोबळ मिळते. वाय-फाय बंद असेल तर केवळ आयपी पत्त्यावरून अंदाज बांधावा लागतो आणि त्यातून फार तर शहर व इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी कळते. आपल्याकडील मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देतात, त्यामुळे नकाशावर दिसणारा ठिपका पुण्याचा ग्राहक मुंबईत दाखवतो, यात नवल नाही.

जीपीएस ट्रॅकर वेगळा बसवण्याच्या कल्पनेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. धातूच्या आवरणात त्याला नीट संदेश मिळत नाहीत, त्याला स्वतंत्र सिम आणि बॅटरी लागते, आणि यंत्र उघडून तो बसवल्यास वॉरंटीचा प्रश्न निर्माण होतो. बॅगेत एअरटॅगसारखे ठिकाण सांगणारे छोटे उपकरण ठेवता येते, पण चोर बॅग बहुधा पहिल्याच वळणावर टाकून देतो. शिवाय अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतो आहे, अशी सूचना आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही फोन देतात. ती सोय पाठलाग होणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी आहे आणि ती असायलाच हवी, परंतु तिच्यामुळे चोरही सावध होतो.

केंद्र सरकारच्या सीईआयआर यंत्रणेवर फोनप्रमाणे लॅपटॉपही रोखता येईल, असे अनेकांना वाटते. ती यंत्रणा आयएमईआय या मोबाइल उपकरणाच्या ओळख-क्रमांकावर चालते. सिम न घेणाऱ्या लॅपटॉपला आयएमईआय नसतो, त्यामुळे तो मार्ग येथे बंद आहे. मॅक अ‍ॅड्रेस या नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकावरून पोलिस लॅपटॉप शोधतील, हाही असाच समज आहे. तो क्रमांक स्थानिक राउटरच्या पलीकडे जातच नाही.

सॉफ्टवेअरच्या बाजूने जे शक्य आहे ते असे. विंडोजसाठी इंट्यून किंवा त्याच्या तोडीची एखादी एमडीएम प्रणाली, म्हणजे सर्व यंत्रे एका जागेवरून सांभाळणारे सॉफ्टवेअर, घ्यावी आणि सर्व लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवावेत. नोंदवलेले यंत्र कोणी रीसेट केले आणि इंटरनेटला जोडले, की ते पुन्हा आपल्याच कंपनीचे लॉगिन मागते. चोराने होम आवृत्ती किंवा दुसरी एखादी प्रणाली टाकली तर हा अडसर ओलांडला जातो, हेही ध्यानात असू द्यावे. मॅकच्या बाबतीत अ‍ॅपल बिझनेस मॅनेजर आणि एमडीएम यांची जोडी अधिक भक्कम आहे, कारण अ‍ॅक्टिव्हेशन लॉक लावलेला मॅक नव्याने सुरू करताना अ‍ॅपलच्या सर्व्हरची परवानगी लागते. मात्र कर्मचाऱ्याने वैयक्तिक अ‍ॅपल खात्याने तो लॉक लावला तर नोकरी सोडल्यावर कंपनीच बाहेर राहते, म्हणून हा लॉक एमडीएमच्या ताब्यात असावा. फर्मवेअरमध्येच, म्हणजे चिपवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, रुजलेली सोय हवी असेल तर अ‍ॅब्सोल्यूट या कंपनीचा घटक अनेक डेल, एचपी आणि लेनोव्हो व्यावसायिक मॉडेलांत कारखान्यातूनच असतो. तो सक्रिय केलेला असल्यास डिस्क बदलून नवी विंडोज टाकली तरी त्याचा एजंट, म्हणजे यंत्रात राहून सर्व्हरशी संपर्क ठेवणारा प्रोग्राम, पुन्हा उभा राहू शकतो. त्याचे प्रत्येक यंत्रामागे वार्षिक शुल्क असते. आपल्या ८० यंत्रांपैकी संवेदनशील १० ते १५ यंत्रांपुरते ते घेणे मला पटते. सरसकट घेऊ नये.

चोरी कळल्यानंतरचे पहिले तास महत्त्वाचे असतात, आणि त्यात सर्वांत आधी लॅपटॉपकडे नव्हे तर खात्यांकडे लक्ष द्यावे. ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली ईमेल, क्लाउड फोल्डर आणि ग्राहकांच्या प्रणालींची सत्रे ही चोराला मिळणारी खरी वाट असते. केवळ पासवर्ड बदलून भागत नाही; सर्व सत्रे रद्द करण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. एंट्रा आयडीमध्ये ती दिल्यानंतरही आधीच दिलेले डिजिटल प्रवेशपत्र (टोकन) साधारण तासभर चालू राहू शकते, म्हणून हे काम सकाळपर्यंत लांबवू नये. त्यानंतर व्हीपीएनचे प्रमाणपत्र, सर्व्हरवर प्रवेश देणाऱ्या एसएसएच किल्ल्या आणि ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड यांचा क्रम येतो. स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड सर्व यंत्रांवर एकच असेल तर तो सगळीकडे बदलावा लागेल. विंडोज लॅप्स ही सोय एप्रिल २०२३पासून विंडोजमध्येच मिळत असून ती प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देते आणि ठरावीक काळाने बदलते, त्यामुळे ही वेळच येत नाही.

लॅपटॉपला द्यायच्या आज्ञेबाबत थोडा विचार करावा लागतो. पुसण्याची आज्ञा अमलात आली की आपला एजंटही जातो आणि माग बहुधा तेथेच संपतो. एन्क्रिप्शनची खात्री असेल तर मी पुसण्याची घाई करत नाही. त्याऐवजी त्याच ‘मॅनेज-बीडीई’ आज्ञेला फोर्स-रिकव्हरीचा पर्याय जोडून ती दुरून चालवून यंत्र पुन्हा सुरू करायला लावले, तर ४८ अंकी की दिल्याशिवाय ते उघडत नाही. माहिती शाबूत राहते, आणि लॅपटॉप चोरीला गेला नसून रिक्षात विसरला होता असे निघाले, तर दहा मिनिटांत तो पुन्हा वापरात येतो. प्रत्यक्षात अशा विसरलेल्या लॅपटॉपांची संख्या कमी नसते.

पोलिसांकडे जाताना हरवल्याची ऑनलाइन नोंद आणि चोरीचा गुन्हा यांत गल्लत करू नये. काच फोडून नेलेल्या लॅपटॉपसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३खालील गुन्हा नोंदवावा, कारण विमा कंपनीही तोच मागते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्दीबाहेरच्या ठाण्यातही माहिती देता येते आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. तक्रारीसोबत बिल, अनुक्रमांक आणि कर्मचाऱ्याला लॅपटॉप दिल्याची पोचपावती द्यावी. चोरीनंतर लॅपटॉपने आपल्या सर्व्हरशी संपर्क साधला असेल तर आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ, भारतीय वेळ की जागतिक वेळ याच्या स्पष्ट उल्लेखासह, लेखी द्यावी. सामायिक आयपीमुळे पोर्टशिवाय ग्राहक निश्चित करणे सेवा कंपनीलाही जड जाते. ग्राहकाचे नाव आपल्या कंपनीने स्वतः मागून मिळत नाही. पोलिस ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली मागवू शकतात. नकाशावर ठिपका दिसला म्हणून कर्मचाऱ्याला किंवा आयटीतल्या कोणाला त्या पत्त्यावर पाठवू नये. यात जिवाला धोका असतो आणि पत्ता चुकीचा असल्यास एखाद्या निरपराध कुटुंबाच्या दारात तमाशा होतो.

कायद्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते पाळतीच्या मर्यादेत आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन शाळा-मंडळाने विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये चोरीचा माग काढण्यासाठी म्हणून कॅमेरा दुरून चालू करण्याची सोय ठेवली होती. त्यातून मुलांची त्यांच्या घरातील हजारो छायाचित्रे निघाल्याचे २०१०मध्ये उघड झाले आणि मंडळाला ६ लाख १० हजार डॉलर देऊन दावे मिटवावे लागले. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३च्या कलम ७मध्ये नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा आहे. परंतु नुकसान टाळण्यासाठी म्हणून घेतलेली मुभा रोजच्या पाळतीला लावणे मला समर्थनीय वाटत नाही. घरून काम करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपचे सततचे ठिकाण म्हणजे त्याच्या घराचा पत्ता, दवाखान्याच्या फेऱ्या आणि सुट्टीतला मुक्काम. एखाद्या महिला सहकाऱ्याचा रात्रीचा ठावठिकाणा आयटीतल्या कोणालाही एका क्लिकवर पाहता येतो, ही स्थिती निर्माण करून ठेवणे हाच मुळात धोका आहे.

म्हणून ठिकाण पाहण्याची सोय ठेवावी, पण ती लॅपटॉप हरवल्याची नोंद झाल्यावरच वापरली जावी, त्यासाठी आयटी आणि मनुष्यबळ अशा दोन विभागांची मान्यता लागावी आणि प्रत्येक वापराची नोंद राहावी. कॅमेरा आणि मायक्रोफोन दुरून चालू करण्याचा पर्याय प्रणालीत असल्यास तो कायमचा बंद ठेवावा. हे सारे लॅपटॉप देतानाच्या करारात, कर्मचाऱ्याला कळेल अशा मराठीत लिहून द्यावे आणि सही घ्यावी. गुपचूप बसवलेले ट्रॅकिंग उघड झाले की लोक चोरीची बातमी देण्यातही कचरतात, आणि तेव्हा आपण पहिले तास गमावतो.

त्याच अधिनियमात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांतील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होत असून डेटाभंगाचा तपशील डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत कळवावा लागेल. माहितीची गळती झाल्याचे दिसल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सहा तासांत कळवण्याचे बंधन आजही आहे. चोरी झाली त्या क्षणी डिस्कचे संरक्षण चालू होते हे दाखवणारा दैनंदिन अहवाल हाती असेल, तर गळती झाली नाही असे आपण पुराव्यानिशी म्हणू शकतो. माझ्या दृष्टीने एमडीएम घेण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

एक शेवटची गोष्ट, जी प्रश्नात नाही. माझ्या अनुभवात चोरांपेक्षा नोकरी सोडून गेलेल्यांकडे अडकलेले लॅपटॉप अधिक असतात, विशेषतः कर्मचारी दुसऱ्या गावी असला की. त्यासाठी राजीनामा मंजूर होतानाच कुरिअरची तारीख ठरवावी, शेवटच्या दिवशी खाती बंद करून यंत्रावर फोर्स-रिकव्हरी लावावी आणि लॅपटॉप हाती आल्यावर अनुक्रमांक पडताळून कर्मचाऱ्यालाही पोचपावती द्यावी. प्रामाणिकपणे परत केलेल्या माणसावर सहा महिन्यांनी नोटीस जाणे, हे नोंदवहीच्या ढिलाईमुळे घडते. ८० यंत्रांसाठी स्नाइप-आयटीसारखे मुक्त सॉफ्टवेअर किंवा नीट ठेवलेला एक तक्ताही पुरतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, धारकाचे नाव, विंडोजची आवृत्ती, प्रोटेक्शन स्टेटस आणि की कोठे जमा आहे, एवढे पाच रकाने भरून घ्यावेत. ज्या यंत्रांचा एखादा रकाना रिकामा राहील, ती आधी कार्यालयात मागवावीत.